व्हॉल्व्हची जवारी : जुना गिटार ॲम्प समजून घेताना

"ट्यूब आहे म्हणतोस, मग उजेड कुठं पडायलाय रे?" शेजारच्या काकूंनी दारातूनच विचारलं. माझ्या टेबलावर काळ्या रेक्झिनचं कव्हर असलेली, पंधरा-सोळा किलोची एक आडवी पेटी होती. मागच्या जाळीतून पाच काचेच्या नळ्या दिसत होत्या आणि त्यांच्या पोटात निखाऱ्याएवढा लालसर उजेड होता. काकूंना तो उजेडात धरण्यालायक वाटला नाही. "आमच्या सासऱ्यांच्या मर्फी रेडिओत असलंच होतं की," म्हणाल्या आणि गेल्या.

काकू बरोबर होत्या. ही पेटी म्हणजे त्या मर्फीचीच रांगडी भावकी. गेल्या काही वर्षांत बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं गिटार वाजवायला लागली आहेत. कुणाचा चुलता बोटीवर असतो, कुणाचा मामा गोव्यात. "जुना ट्यूब ॲम्प मिळतोय, घेऊ काय?" असा प्रश्न महिन्या-दोन महिन्याला कुणीतरी मला विचारतोच. नव्या मोटारसायकलीएवढी किंमत, मोबाईलपेक्षा कमी बटणं आणि वय पन्नास वर्षं. असल्या वस्तूला एवढा भाव का, आणि ती घरात आणली तर नेमकं काय सांभाळावं लागतं, ते एकदा सविस्तर सांगून टाकतो.

डोकं वेगळं, धड वेगळं

इलेक्ट्रिक गिटारला स्वतःचा आवाज जवळपास नसतो. तारेखालचं पिकअप तारेच्या थरथरीची वीज करतं, पण ती फार क्षीण. ढोबळमानाने एका व्होल्टच्या दहाव्या भागाएवढी. तिला स्पीकर हलवण्याइतकी ताकद देणारं यंत्र म्हणजे ॲम्प्लिफायर. ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात असले तर त्याला कॉम्बो म्हणतात. नुसता ॲम्प वेगळ्या पेटीत असला तर तो हेड, आणि स्पीकरचं खोकं म्हणजे कॅबिनेट. डोकं आणि धड. ही उपमा लक्षात असू द्या, पुढे महागात पडणाऱ्या एका चुकीत ती कामाला येणार आहे.

लाह्या, जाळी आणि धरणाचा दरवाजा

आता त्या काचेच्या नळीत शिरू. अमेरिकन लोक तिला ट्यूब म्हणतात. इंग्रज व्हॉल्व्ह म्हणतात आणि आपले रेडिओवालेही तेच. मीही व्हॉल्व्हच म्हणतो, कारण तिचं काम खरोखरच नळाच्या चावीचं आहे.

नळीतली हवा काढून टाकलेली असते. मधोमध एक बारीक धातूची दांडी, तिला आतून तापवायची तार. नागपंचमीला तापलेल्या खापरात जोंधळा टाकला की लाह्या टणाटण उडतात, तसे तापलेल्या दांडीवरून इलेक्ट्रॉन उडतात. भोवती एक पत्रा असतो, त्यावर ४०० व्होल्टच्या वर दाब. इलेक्ट्रॉन त्याच्याकडे ओढले जातात आणि प्रवाह सुरू होतो. एवढ्यापुरता शोध इंग्लंडमध्ये फ्लेमिंगने १९०४ मध्ये लावला. १९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्टने दांडी आणि पत्रा यांच्यामध्ये एक बारीक तारेची जाळी घातली, आणि खरी गंमत तिथून सुरू झाली.

हिडकल धरणाचा दरवाजा आठवा. पाण्याचा दाब प्रचंड, पण दरवाजा वीतभर वरखाली करायला त्यामानाने ताकद थोडीच लागते, आणि तेवढ्यावर खालच्या कालव्याचं पाणी ठरतं. व्हॉल्व्हमधली जाळी हा तो दरवाजा. गिटारची दुबळी वीज जाळीवर जाते, आणि पत्र्याकडे निघालेला मोठा प्रवाह तिच्या तालावर वरखाली होतो. माझ्या हेडमध्ये आवाज टप्प्याटप्प्याने वाढवणारे ईसीसी८३ जातीचे तीन लहान व्हॉल्व्ह आहेत आणि शेवटी रट्टा देणारे ईएल३४ जातीचे दोन थोरले. या पाचांच्या नुसत्या चुली पेटवायला सुमारे २५ वॉट लागतात. ॲम्प चालू केल्यावर लगेच आवाज येत नाही तो यामुळेच. "अमक्याची ट्यूब उशिरा पेटते" असं आपण माणसाबद्दल म्हणतो, ते इथे शब्दशः खरं आहे.

१९४७ मध्ये व्हॉल्व्हचंच काम करणारा चिमुकला ट्रान्झिस्टर आला. त्याला चूल नको, ४०० व्होल्ट नकोत, काच नको. दोन-तीन दशकांत रेडिओ, टीव्ही, टेलिफोन सगळीकडून व्हॉल्व्ह हद्दपार झाले. गिटारवाले तेवढे हटून बसले.

जवारी म्हणजे मिरची नव्हे

का हटून बसले, हे समजायला आपल्या भागातल्या माणसाला लांब जायला नको. मिरजेला जावं. तिथल्या सतारमेकरांच्या गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढताना बघावं. (आपल्याकडे जवारी म्हटलं की देशी मिरची, देशी कोंबडी डोळ्यापुढे येते, ही जवारी वेगळी.) तंबोऱ्याची घोडी सपाट नसते, तिला किंचित गोलाई असते. त्या गोलाईवर तार हलके हलके घासते, खाली दोऱ्याचा तुकडा सरकवून ते घासणं नेमक्या जागी आणतात. तांत्रिक डोळ्याने पाहिलं तर हा दोषच; तार मोकळी हलायला हवी, तिला घासू कशाला द्यायची? पण त्या घासण्यातून मूळ स्वराच्या वरचे कितीतरी स्वर उमलतात. तंबोऱ्याचा आवाज भरून येतो तो त्यांनीच. जवारी नसलेला तंबोरा नुसता टणटणतो.

व्हॉल्व्ह ॲम्पचंही तसंच आहे. गिटार जोरात छेडली की विजेची लाट व्हॉल्व्हच्या कुवतीबाहेर जाते आणि तिचा शेंडा कापला जातो. साधा ट्रान्झिस्टर ॲम्प मर्यादेपर्यंत सरळ चालतो आणि मग विळीवर काकडी कापावी तसा शेंडा उडवतो. त्या टोकदार कडेतून कानाला बोचणारे वरचे स्वर निघतात. व्हॉल्व्ह ॲम्प मर्यादेच्या अलीकडेच वाकायला लागतो, शेंडा हळूहळू गोल होत जातो. हळू वाजवलं तर आवाज स्वच्छ, जरा रेटलं तर किंचित घोगरा, आणखी रेटलं तर भरून येणारा. गवयाचा गळा तार सप्तकात जसा ताणत जातो तसा. हे सगळं बोटाच्या जोरावर चालतं, बटणाला हात न लावता.

आणखी एक गोष्ट आहे. शेजारच्या विहिरीवरची मोटार सुरू झाली की आपल्या घरचा दिवा क्षणभर मंदावतो ना? जुन्या ॲम्पच्या आतही तेच होतं. जोराचा आघात झाला की आतला दाब क्षणभर खाली बसतो आणि मग सावरतो. त्यामुळे आघात थोडा दबतो आणि त्यामागचा स्वर फुगून वर येतो. वाजवणाऱ्याला तार रबरासारखी लवचिक जाणवते. अभियंत्याच्या दृष्टीने वीजपुरवठा कमी पडला. वादकाच्या दृष्टीने वाद्य बोललं.

हा आवाज कुणी ठरवून बनवला नव्हता. लंडनमधल्या हॅनवेल भागात जिम मार्शल हा ड्रमवाला वाद्यांचं दुकान चालवायचा. अमेरिकन ॲम्प इंग्लंडात महाग पडत, म्हणून १९६२ मध्ये त्याने आणि त्याच्या माणसांनी फेंडर कंपनीच्या बासमन या ॲम्पचं सर्किट समोर ठेवून स्वतःचा ॲम्प बांधला. इंग्लंडात मिळणारे सुटे भाग घातले, पुढे ईएल३४ व्हॉल्व्ह आले, आणि नक्कल मुळापेक्षा तापट निघाली. पोरांनी आवाजाची बटणं शेवटपर्यंत फिरवली आणि जो फाटका आवाज आला, त्याच्या प्रेमात पडली.

मोबाईलवरचं ॲप हेच करतं की!

करतं. हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. रेकॉर्ड केलेला आवाज हेडफोनवर ऐकून व्हॉल्व्ह कुठला आणि सॉफ्टवेअर कुठलं, हे ओळखायची पैज मी लावणार नाही. तुम्हाला घरात सराव करायचा असेल, रील टाकायचे असतील, तर हा लेख इथेच सोडा आणि ॲप घ्या. फरक पडतो तो खोलीत ॲम्पसमोर उभं राहून वाजवताना, स्पीकरची हवा पायाला लागते तेव्हा. तेवढ्यासाठी पुढचा सगळा व्याप करायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.

धडाविना डोकं चालवायचं नाही

आता ती महागडी चूक. स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह हेड चालू करून गिटार वाजवायची नाही. ट्रान्झिस्टर ॲम्पला याने सहसा काही होत नाही, म्हणून पोरं गाफील राहतात.

कारण असं. थोरल्या व्हॉल्व्हमध्ये दाब जास्त आणि प्रवाह कमी असतो. स्पीकरला उलटं हवं असतं. मध्ये दोघांची सांगड घालणारा एक जड ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो, त्याला आउटपुट ट्रान्सफॉर्मर म्हणतात. गाडीच्या गिअरबॉक्ससारखा. स्पीकर असला की ताकद बाहेर पडते. नसला तर? उसाच्या शेताला पाणी देणाऱ्यांना हे माहीत असतं: लांब पाइपलाइनमधून पाणी जोरात वाहत असताना पुढची चावी फटकन बंद केली, तर पाइप धडाडतो, कधी फुटतो. ट्रान्सफॉर्मरमध्येही वाट अडलेली वीज मागे उसळी घेते, दाब हजारो व्होल्टवर जाऊ शकतो आणि वेटोळ्यांमधलं वेष्टण जळतं. तो ट्रान्सफॉर्मर म्हणजे ॲम्पचा आत्मा. तो पुन्हा गुंडाळून घेता येतो, पण मूळचा आवाज परत येईलच असं नाही.

त्याच ओघात दोन गोष्टी. हेडच्या मागे ४, ८, १६ असे ओहमचे (विजेला होणाऱ्या अडथळ्याच्या मापाचे) आकडे असतात. कॅबिनेटवर जो आकडा असेल तोच निवडायचा. आणि हेडपासून कॅबिनेटपर्यंत गिटारची केबल लावायची नाही. पिना सारख्याच दिसतात, पण गिटारच्या केबलमधली तार केसाएवढी असते. स्पीकरची जाड वायर वेगळी मिळते, दोनशे-तीनशे रुपयांसाठी जीव खाऊ नका.

पन्नास वर्षांत काय म्हातारं होतं

व्हॉल्व्ह तर झिजतातच, पण ते कंदिलाच्या चिमणीसारखे काढून बदलता येतात. खरं म्हातारपण येतं ते कपॅसिटरला. कपॅसिटर म्हणजे विजेची छोटी टाकी. आतला दाब एकसारखा राहावा म्हणून ती भरलेली असते. थोरल्या कपॅसिटरच्या आत ओलसर रसायन असतं, ते वर्षानुवर्षं वाळतं. मग ॲम्प गुणगुणायला लागतो, आवाज पोकळ होतो आणि एखाद्या दिवशी टाकी फुगते.

माळ्यावर वीस वर्षं पडलेला ॲम्प आणून थेट प्लग लावणं हा त्याला मारायचा सोपा उपाय. बेळगावच्या शहापुरात आमचे एक रेडिओवाले आण्णा आहेत. गणपतीच्या मंडपातल्या कर्ण्यांना आवाज देणारे व्हॉल्व्हचे ॲम्प दुरुस्त करण्यात त्यांची उमर गेली. माझा हेड त्यांच्याकडे नेला तेव्हा त्यांनी प्लग हातात धरला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "घरी लावलास काय?" नाही म्हटल्यावर चेहरा निवळला. त्यांनी सिरीज लॅम्प काढला. हा सगळ्या वायरमनांकडे असतो: ॲम्पच्या वाटेत १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब. आत कुठे शॉर्ट असेल तर सगळी वीज बल्ब खातो आणि लख्ख पेटतो, ॲम्प वाचतो. बल्ब एकदा चमकून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. एलईडीने हे काम होत नाही, आणि १०० वॉटचा पिवळा बल्ब आता शोधावा लागतो. आण्णांनी चार जपून ठेवलेत.

त्यानंतर येतो बायस. शब्द अवघड, गोष्ट सोपी. कार्बोरेटरच्या गाडीला आयडलिंगचा स्क्रू असतो. गाडी उभी असताना इंजिन किती फिरावं ते तो ठरवतो. कमी केलं तर बंद पडते, जास्त केलं तर तापते. थोरल्या व्हॉल्व्हच्या जाळीवर उणे ३५-४० व्होल्टच्या आसपास दाब ठेवून शांततेतला प्रवाह तसाच बांधलेला असतो. नवे ईएल३४ घातले की तो पुन्हा लावून घ्यायचा. बायस गेला तर आतला पत्राच लालबुंद होतो. असं दिसलं की क्षणात बंद. काचेच्या आतल्या बाजूला निळसर झाक दिसते, तिला मात्र घाबरू नये, ती निरोगी व्हॉल्व्हलाही असते. नळीच्या टोकाशी आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली; तो व्हॉल्व्ह गेला.

हे सगळं वाचून स्क्रूड्रायव्हर शोधायला उठू नका. प्लग काढल्यावरही त्या टाक्यांमध्ये ४०० व्होल्ट तसेच बसलेले असू शकतात, कधी तासन् तास, कधी दिवसन् दिवस. टीव्हीच्या जुन्या पिक्चर ट्यूबवर काम केलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांनी पेटी उघडू नये.

अर्थिंग : इथे थट्टा नाही

गिटारची तार हा धातू, तो केबलमधून ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेला. म्हणजे वाजवणारा सतत ॲम्पला हात लावून उभा असतो. ॲम्पला किंवा माइकला अर्थिंग नसेल आणि आत काही बिघडलं, तर एक हात तारेवर आणि ओठ माइकवर असा माणूस मधली वायर होतो. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी शहरात स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे भर कार्यक्रमात असाच गेला. माइकला अर्थिंग नव्हतं.

जुन्या अमेरिकन ॲम्पना दोनच पिनांचा प्लग असतो आणि आत विजेच्या वायरीपासून सांगाड्यापर्यंत एक कपॅसिटर टाकलेला असतो. तो शॉर्ट झाला तर अख्ख्या सांगाड्यात वीज उतरते. तिकडचे मेकॅनिक त्याला मृत्यूचा कपॅसिटरच म्हणतात. असा ॲम्प आणला तर तो कपॅसिटर काढून तीन पिनांचा प्लग बसवणं हे पहिलं काम. मूळ रूप बिघडतं म्हणून कुरकुरणारे संग्राहक असतात. त्यांनी तो काचेच्या कपाटात ठेवावा, वाजवू नये.

आणि आपल्या घरातलं अर्थिंग खरं आहे का तेही बघा. जुन्या गल्ल्यांतल्या घरात तीन भोकांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे काहीच नसतं. दोनशे घरं पाहिलेला वायरमनही हसून सांगेल.

आपली वीज, आपला पाऊस

आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिकन ॲम्प १२० व्होल्टचा. त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही ॲम्पच्या गरजेच्या दीड-दोन पट ताकदीचा. शिवाय तिकडे ६० हर्ट्झ असल्यामुळे काही जुने ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० वर जास्त तापतात. इंग्लिश ॲम्प त्यामानाने सोयीचा, मागे व्होल्टेज निवडायची चकती असते. ती कुठे आहे ते प्लग लावायच्या आधी बघायचं, नंतर नाही.

व्होल्टेज वर गेलं की आतलं सगळं त्याच प्रमाणात वर जातं. २३० चे २५० झाले तर चुलीचे ६.३ व्होल्ट ६.८ च्या पुढे जातात आणि ४५० व्होल्टचा दाब ४९० च्या घरात. व्हॉल्व्ह मरत नाही, पण आयुष्य झपाट्याने कमी होतं. चांगला स्टॅबिलायझर घ्या. वळवाच्या पावसात, एप्रिल-मे मध्ये, आभाळ गडगडायला लागलं की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा.

पावसाळ्याचा त्रास वेगळा. खानापूर, जांबोटीकडे जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा घाम गाळतात, चपलांना बुरशी येते. ॲम्पच्या सॉकेटांवर गंज धरतो, बटणं फिरवली की खरखर होते. ओल धरलेल्या खोलीत झाकून ठेवलेला ॲम्प हा वापरात असलेल्या ॲम्पपेक्षा लवकर बिघडतो. आठवड्यातून दोनदा तासभर लावा. तो स्वतःच्या उष्णतेने स्वतःला वाळवतो. विजेच्या बिलाची काळजी नको. १५० वॉट धरले आणि रोज दोन तास वाजवलं, तरी महिन्याला ९ युनिट होतात.

५० वॉट म्हणजे फार नाहीत, असं वाटतं

घरच्या होम थिएटरवर हजार वॉट लिहिलेले असतात, मग ५० वॉट म्हणजे काय? गिटारचा स्पीकर फार संवेदनशील असतो; एका वॉटला, एक मीटरवर, ९७ ते १०० डेसिबल आवाज देतो. आपल्या कायद्यात निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. म्हणजे पन्नासातला एक वॉटसुद्धा गल्लीला पुरून उरतो. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत ती जवारी उमलेपर्यंत ॲम्प रेटणं अशक्य. कानाचा हिशोबही फसवा आहे: ताकद दहापट वाढवली तेव्हा कुठे आवाज साधारण दुप्पट वाटतो. त्यामुळे ५ वॉटचा ॲम्प ५० वॉटच्या निम्मा वाजतो, दहावा हिस्सा नाही. माझं स्पष्ट मत आहे, गल्लीत राहणाऱ्याने ५ वॉटचाच घ्यावा. मी घेतला नाही, हा माझा गाढवपणा. आता हेड आणि कॅबिनेटच्या मध्ये ॲटेन्युएटर लावतो. हे खोकं जास्तीची ताकद पिऊन तिची उष्णता करतं. तरीही काकू दार लावून घेतात.

व्हॉल्व्ह मिळतात कुठं?

एकेकाळी आपल्या कर्नाटकातच बनत. बेंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे बीईएल कंपनीचे व्हॉल्व्ह देशभरच्या रेडिओंत होते. जुन्या दुकानांच्या फळ्यांवर अजून एखादा न वापरलेला सापडतो. आज गिटारला लागणारे व्हॉल्व्ह मुख्यतः तीन देशांतून येतात: स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर रशियाने निर्यातीवर निर्बंध घातले तेव्हा जगभर भाव चढले आणि गिटारवाल्यांनी साखर भरावी तसे व्हॉल्व्ह भरून ठेवले. आपल्याला ते ऑनलाइन मागवावे लागतात. थोरले व्हॉल्व्ह जोडीनेच, सारख्या गुणाचे निवडलेले घ्यायचे. एक नवा एक जुना असली बैलजोडी गाडी सरळ ओढत नाही.

म्हणजे व्हॉल्व्ह मिळतात. मिळत नाही तो माणूस. म्हणून "घेऊ काय?" असं विचारणाऱ्या पोराला मी उलटा प्रश्न करतो: दुरुस्त कोण करणार? तासाभराच्या वाटेवर ४०० व्होल्टमध्ये हात घालणारा कुणी नसेल तर घेऊ नकोस. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मोटार गुंडाळणारे भरपूर आहेत, मोबाईल दुरुस्त करणारे गल्लोगल्ली आहेत, पण या दोघांच्या मधलं हे काम येणारे आण्णांच्या वयाचे आहेत.

गेल्या शनिवारी गेलो तेव्हा आण्णा पेन्सिलीने एकेक व्हॉल्व्हवर टिचकी मारत होते. खराब व्हॉल्व्ह टिचकीसरशी स्पीकरमधून टणकन ओरडतो. "तू मार, मला आता नीट ऐकू येईना झालंय," म्हणाले. दुसरा ईसीसी८३ ओरडला. त्यांनी फळीवरून बिस्किटाचा डबा काढला, त्यातला एक बीईएलचा दिला. मग वहीत तारीख घातली, नग एक असं लिहिलं आणि माझी सही घेतली.